मंगळवारचं उत्तर

३ तारीख, मंगळवार

तू माझा नंबर ब्लॉक केलास, तरी इथून फरक पडत नाही. मोबाईल दारातच काढून घेतात. द्वारपाल ब्रदरने माझा फोन एका खणात टाकला, खणाला कुलूप लावलं आणि हातात पितळेचा बिल्ला ठेवला, चपला जमा केल्यासारखा. म्हणजे आता पत्रच. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

मठ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी अंधारं, दगडी होतं. ही तर शाळाच आहे. लांब व्हरांडा, चुन्याच्या भिंती, सगळीकडे फिनेलचा वास. फक्त पोरं मोठी आहेत आणि मधली सुट्टी होत नाही. सध्या नऊजण शिकायला आहेत. त्यांना नोव्हिस म्हणतात. एक वर्ष तपकिरी झगा घालायचा, कमरेला दोर बांधायचा, घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बोलणं अर्ध्यावर तोडायचं. वर्ष संपलं की व्रतं घेऊन पक्के ब्रदर. माझ्या दादाला वर्ष पुरलं नाही, सहा महिने वाढवून दिले. का, ते कोणी सांगत नाही. तीही मुदत १२ तारखेला, गुरुवारी संपते. त्या दिवशी त्याची व्रतं. घरच्या एकाला आधी येऊन राहता येतं. आईच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं, म्हणून मी. कॉलेज सोडलेल्या माणसाला सुट्टी काढावी लागत नाही, हा एक फायदा.

दादा वाळलाय. मला पाहिल्यावर हसला, पण घंटा झालेली होती, त्यामुळे नुसतं हसला. त्याला इथे नवीन नाव दिलंय. मी ते लिहिणार नाही, जीभच वळत नाही. माझ्यासाठी दादा तो दादाच.

तुझी चिठ्ठी खिशात आहे. तू सांगितलेलं सगळं लक्षात आहे. त्याच्या हातात द्यायची, दुसऱ्या कोणाच्या नाही. हो किंवा नाही, त्याच्या तोंडून एक शब्द. "नाही" आला तर रविवारी, १५ला, तू बाबांनी आणलेल्या त्या दंतवैद्याला होकार देणार. "हो" आला तर सगळ्या जगाशी भांडणार. आणि काहीच आलं नाही तर कोणालाच काही सांगणार नाही, थांबणार. अठरा महिने थांबलीस तशी. बरोबर ना? संध्याकाळी जेवणानंतर अर्धा तास बोलायला देतात. तेव्हा देतो.

इथे पाकिटं चिकटवत नाहीत. दाराशी एक वेताची टोपली आहे, सगळे आपापली पत्रं उघडीच तिच्यात टाकतात. डिंक मागितला तर द्वारपाल म्हणाला, "डिंक इथे कोणाला लागत नाही." बहिरा आहे जरा. तोच चिकटवून टपालात टाकत असावा.

भडक्या
(तूच ठेवलेलं नाव आहे, म्हणून लिहितोय.)


५ तारीख, गुरुवार

चिठ्ठी पोचली.

त्याने घेतली, झग्याच्या खिशात ठेवली. काही बोलला नाही. मी विचारलंही नाही. तू म्हणशील, तू आणि विचारलं नाहीस? नाही विचारलं. माणूस सुधारू शकतो.

दादाला काम दिलंय आजारी खोलीतलं. तिथे एक म्हातारे फादर आहेत. नव्वदीच्या पुढचे. चाळीस वर्षं त्यांनी नोव्हिस घडवले म्हणे, आता दादा त्यांना चमच्याने भरवतो. ते मधूनच उठून बसतात आणि विचारतात, "माझी बॅग भरली का?" दादा म्हणतो, "भरली, फादर." "गाडी किती वाजता?" "अजून वेळ आहे, फादर." मग ते निजतात. दिवसातून चार वेळा हेच. मी असतो तर दुसऱ्या दिवशी उशी फेकून मारली असती. दादा चारही वेळा असं सांगतो, जसं काही पहिल्यांदाच विचारलंय.

मी काल त्यांची नखं कापायला मदत केली. पायाची नखं इतकी जाड की आपली साधी नखकात्री चालेना, सुताराची पक्कड आणावी लागली. मी तोंड वाकडं केलं. दादा म्हणाला, "छोट्या, तोंड तिकडे कर, पण पाय सोडू नकोस."

एवढंच. तुझ्या दुकानासमोरच्या पायरीवर आता कोण बसतं? माझी जागा कोणाला देऊ नकोस. गंमत केली.

भडक्या


७ तारीख, शनिवार

वरचं पत्र खोटं आहे. म्हणजे नखं खरी आहेत, चिठ्ठी खोटी. ती माझ्याकडेच आहे, गादीखाली. उघडलेली नाही, एवढं तरी मान.

मंगळवारी द्यायची म्हणून खरंच गेलो होतो. अर्धा तास मिळाला, त्यात दादाने आईच्या गुडघ्यांचं विचारलं, मी कॉलेजचं खोटं सांगितलं, त्याला ते खोटं आहे हे कळलं, आणि घंटा झाली. म्हटलं, उद्या. पण बुधवारी जे ऐकलं त्यानंतर हात खिशातच जाईना.

इथे बुधवारी सकाळी सगळे नोव्हिस एका खोलीत गुडघ्यांवर बसतात आणि आठवड्याच्या चुका मोठ्याने सांगतात. मनातली पापं नाहीत, ती वेगळी सांगतात. या बाहेरच्या, दिसणाऱ्या चुका. पाहुण्यांनी ऐकायचं नसतं. मला त्या व्हरांड्याच्या काचा पुसायला लावलं होतं, आणि एक तावदान फुटकं होतं. मी काय कान कापून ठेवू? एकजण म्हणाला, मी कप फोडला. एकजण म्हणाला, मी दार आपटलं. हसू आवरत नव्हतं मला. मग दादाचा आवाज आला. "मी या आठवड्यातही टपालाची वाट पाहिली."

या आठवड्यातही.

तिथेच कळलं मला. म्हणजे अजून आहेस तू त्याच्या मनात. चिठ्ठी दिली की तो झगा उतरवणार आणि पहिल्या गाडीने तुझ्या दारात. आणि समजा माझं चुकलं, तो नाही म्हणाला, तरी माझ्या वाट्याला काय? दंतवैद्य. दोन्हीकडून मी बाहेरच. एकच वाट अशी होती की उत्तर येऊच नये. तू थांबून राहशील, आणि थांबलेल्या माणसाशेजारी बसायला जागा असते. अठरा महिने मी त्याच जागेवर तर बसलोय. तिसऱ्या पेपरातून अर्ध्यावर उठून आलो होतो तुझ्याकडे, तो गेला त्या दिवशी. तू दार लावून घेतलंस. मी पायरीवर बसलो. त्यानंतर कॉलेजात परत गेलोच नाही, हे आईला वाटतं तसं प्राध्यापकाशी भांडण झालं म्हणून नाही. भांडण नंतर झालं.

मग आज हे सगळं का लिहितोय? काल दुपारी म्हातारे फादर गेले. "गाडी किती वाजता" विचारून निजले ते उठलेच नाहीत. इथली रीत अशी की नोव्हिसांनीच अंग धुवायचं. दादाच्या जोडीचा नोव्हिस तापात होता, म्हणून दादाने मला हाक मारली. कोमट पाणी, दोन पंचे. पाठीवर जखमा होत्या, अंथरुणाला खिळून झालेल्या. दादा त्यासुद्धा हलक्या हाताने टिपत होता. मी म्हटलं, "दादा, आता त्यांना कुठे दुखतंय?" तो म्हणाला, "मला माहीत नाही. तुला माहीत आहे?" मग डोक्याखाली हात धरायला सांगितलं. ते डोकं माझ्या तळहातात होतं, टरबुजासारखं जड, आणि समोर दादा, ज्याला मी लुबाडतोय. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी. मला वाटलं, तिथेच पाण्यात तोंड खुपसावं.

तरी दिली नाही. तुला लिहितोय, त्याला देत नाही. आता हेही ऐक. उद्या रविवार, टपाल निघत नाही. हे सोमवारी निघेल, तुला गुरुवारी मिळेल. तोवर व्रतं झालेली असतील. हिशेब करूनच आज लिहितोय. इतका नीच आहे मी. पण तुझ्यासाठी आहे.

भडक्या


९ तारीख, सोमवार

आज मास्तरांनी बोलावलं. मास्तर म्हणजे नोव्हिसांना घडवणारे फादर. सगळा मठ त्यांना मास्तरच म्हणतो. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, बोलताना टेबलावरची पेन्सिल सरळ करत बसतात.

म्हणाले, "व्रतांच्या आधी घरच्यांना एक प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत आहे. तुझ्या भावाने बाहेर कोणाला शब्द दिलेला आहे का, ज्याचं उत्तर द्यायचं राहिलंय?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी पेन्सिल सरळ केली. "घाई नाही. विचार करून सांग."

"केला. नाही."

"कोणी मागे थांबलेलं नाही? कोणी काही पाठवलं नाही?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "फादर, तीनदा विचारल्याने उत्तर बदलतं का? तुम्ही पोलीस आहात की धर्मगुरू?"

ते रागावले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले. "चौथ्यांदा विचारायची मला परवानगी नाही," म्हणाले. "जा."

आता उद्या इथले पक्के ब्रदर आणि फादर मत देतील. पेटीत गोट्या टाकतात, पांढरी म्हणजे घ्या, काळी म्हणजे नको. द्वारपाल म्हणाला, दादासारख्याला कोण काळी टाकेल? म्हाताऱ्या फादरांसाठी त्याने काय नाही केलं! दादा आज पहिल्यांदा मोठ्याने हसला. व्रतांच्या दिवशी पायात काय घालायचं यावरून. त्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय.

तुला वाटत असेल, मला आनंद झालाय. झोप लागत नाही.

भडक्या


११ तारीख, बुधवार

हे पत्र टोपलीत टाकणार नाही. का, ते वाचशीलच.

दादाला घेतलं नाही.

काल गोट्या पडल्या. एकच काळी निघाली, पण ती मास्तरांची. घडवणाऱ्यानेच नको म्हटलं की बाकीच्या पांढऱ्यांना किंमत नसते. मुदत एकदा वाढवून झालीय, सहा महिन्यांच्या वर वाढवता येत नाही. म्हणजे आता थेट बाहेर. आज सकाळी दादाला सांगितलं, कारण न देता. मी व्हरांड्यात होतो. तो बाहेर आला आणि माझ्यासमोरून गेला. मी "दादा" म्हटलं, पण त्याला ऐकू गेलं नाही. आजारी खोलीत जाऊन रिकाम्या पलंगाची चादर बदलायला लागला. बदललेलीच होती ती.

मी तसाच मास्तरांच्या खोलीत घुसलो. दार वाजवलं नाही. काय काय बोललो ते लिहीत नाही, आईने ऐकलं असतं तर तोंडात मिठाचा खडा भरला असता. शेवटी ओरडलो, "त्याच्यात खोट काय आहे ते तरी सांगा!"

मास्तर म्हणाले, "त्याच्यात नाही."

मग दार लावायला सांगितलं. म्हणाले, "टोपलीतली उघडी पत्रं वाचणं हे माझं काम आहे. नोव्हिस उघडी टाकतात ती त्यासाठीच. पाहुणे आपली पाकिटं चिकटवून आणतात, किंवा गावातल्या पोस्टात टाकतात. गेल्या तीस वर्षांत इथे उघडं पत्र टाकणारा तू पहिला पाहुणा. वर आडनाव तुझ्या भावाचंच, अक्षरही त्याच्यासारखं. पहिलं मी त्याचं समजून वाचलं. मग थांबता आलं नाही, ही माझी चूक. चारही वाचली आणि चिकटवून पाठवली."

शनिवारचंही? शनिवारचंही. म्हणजे सोमवारी समोर बसून तो माणूस तीनदा विचारत होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

"मग मला तेव्हाच का नाही धरलं?" मी म्हटलं. "दादाला का नाही सांगितलं?"

"पत्रात वाचलेलं मी कोणाला सांगायचं नाही, असा नियम आहे. ज्याने लिहिलं त्याच्याशीसुद्धा आपणहून काढायचं नाही. आज तू विचारलंस, म्हणून बोललो. सोमवारी फक्त दार उघडून धरणं माझ्या हातात होतं. तीनदा धरलं." पेन्सिल त्यांच्या हातात होती, ती त्यांनी ठेवून दिली. "एका मुलीने विचारलंय आणि तिला उत्तर मिळालेलं नाही, हे माहीत असताना मी त्याला व्रतं देऊ शकत नाही. का देत नाही, हे त्याला सांगू शकत नाही. त्याला आता वाटतंय की आपणच नालायक आहोत. हे फक्त तू काढू शकतोस."

"आणि नाही काढलं तर?"

"तर तो तसंच समजून जगेल."

नोव्हिसांचे बाहेरचे कपडे इथे माळ्यावरच्या पेट्यांत असतात. दादाची पेटी खाली आणून ठेवलीय. इथे निरोप देत नाहीत. पहाटेची घंटा व्हायच्या आधी जाणारा जातो, आणि जेवणाला एक ताट कमी मांडतात. उद्या, ज्या दिवशी व्रतं होती त्याच दिवशी.

मी दादाबरोबर निघतोय. सांगणार आहे.


१२ तारीख, गुरुवार. बसथांबा, दुपार.

सांगितलं.

थांबा मठापासून दोन मैलांवर. चालत आलो. दादाची पॅन्ट कमरेला इतकी सैल झालीय की त्याने एका हाताने ती धरली होती, दुसऱ्या हातात पेटी. मी पेटी घेतो म्हटलं, दिली नाही. वाटेत एकदाच बोलला. "मला एक कळत नाही, छोट्या. मी कुठे कमी पडलो ते सांगितलं असतं तर तेवढं तरी बरोबर नेलं असतं."

तेव्हा मी थांबलो. रस्त्यातच. सगळं बोललो, एका दमात, चिठ्ठी, काचा, टोपली, सोमवारचं. मध्ये रडलो. तो ऐकत होता, म्हाताऱ्या फादरांचं ऐकायचा तसा. मग हात पुढे केला. मला वाटलं, मारतोय. मी डोळे मिटले. तो चिठ्ठी मागत होता.

तिथेच उभ्याने वाचली. दोनदा. घडी केली. मग पेटीवर बसला.

म्हणाला, "नोव्हिस असेपर्यंत आईशिवाय कोणाला आपणहून लिहिता येत नाही. पण पत्र आलं तर मास्तरांच्या परवानगीने उत्तर देता येतं. मी तिला काहीच न सांगता निघून आलो होतो. भेकडासारखा. तेव्हा वाटलं होतं, न सांगणं सोपं पडेल. मग रोज बोचायला लागलं. मास्तरांना सांगितलं, बाहेर एक उत्तर द्यायचं राहिलंय. त्यांनी त्याच्यासाठीच सहा महिने वाढवून घेतले, की तिचं पत्र येईल, मी उत्तर देईन, आणि हात मोकळे करून व्रतं घेईन. नाहीच आलं तर तिलाही उत्तर नकोय असं धरायचं. म्हणून वाट पाहत होतो टपालाची."

मी म्हटलं, "काय उत्तर दिलं असतंस?"

"मंगळवारी? मंगळवारी एका ओळीत दिलं असतं. मी परत येणार नाही, चूक माझी, तू मोकळी आहेस. रात्र रात्र जागून पाठ केली होती ती ओळ."

"मग आता लिही ना! माझ्याकडे पेन आहे. हा कागद."

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. "कशाच्या जोरावर लिहू? तेव्हा मला माहीत होतं मी कुठे राहणार आहे. आज मला रात्री कुठे झोपायचं ते माहीत नाही. परत येणार नाही असं लिहिलं तर खोटं होईल, येतो लिहिलं तर त्याहून खोटं."

"मास्तरांना सांगतो मी सगळं. ते परत घेतील."

"पहिल्यापासून सुरू करावं लागतं, छोट्या. झालेलं दीड वर्ष धरत नाहीत. आणि त्यांनी घेतलं तर." पॅन्ट वर ओढली त्याने. "आईला तू काही सांगू नकोस. मी लिहीन."

घरी चल म्हटलं, तर मानेनेच नाही म्हणाला. आईने गल्लीभर सांगून ठेवलंय, माझा थोरला देवाचा झाला. कोणत्या तोंडाने जाणार तो? थांब्यावर पोचलो, तर उलट दिशेची बस आली. पेटी वर चढवताना मात्र मला हात लावू दिला. खिडकीत बसला आणि म्हणाला, "जेवून घे काहीतरी." बस गेली.

मी तीन तास झाले इथे बसलोय. गुरुवारी तुला शनिवारचं पत्र मिळेल असा माझा हिशेब होता, म्हणजे आत्ता तू ते वाचत असशील आणि मला शिव्या देत असशील. त्या कमीच आहेत. हे पत्र कुरियरने पाठवतोय, शनिवारी हातात पडेल. तुझ्या बाबांना सांगायला एक दिवस उरेल.

तू त्याच्या तोंडचा एक शब्द मागितला होतास. मंगळवारचा शब्द "नाही" होता. आजचा शब्द त्याच्याकडे नाही. मंगळवारचा धरून चालायचं की नाही, ते मी तुला सांगू शकत नाही. मी सांगितलं तर त्यात माझा फायदा शोधत बसशील, आणि तो सापडेलही. कालपर्यंत मला वाटत होतं, त्याचा निकाल लागला की तुला माझ्याबद्दल विचारीन. विचारत नाही.

बसच्या पाटीवरचं गाव मी वाचलं. दादाने सांग म्हटलं नाही आणि सांगू नकोसही म्हटलं नाही. इथल्या चहावाल्याला विचारलं. ती बस तिथेच संपते. लहान गाव आहे, एकच दवाखाना, एकच चर्च. अनोळखी माणूस दोन दिवसांत सापडेल. गावाचं नाव वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवलंय. लिहायला मला तीन तास लागले.

गेलीस, तर मला कळवू नकोस.